झी मराठी ठेवू की प्रवाह? केबलच्या काउंटरवरून एक तुलना

"वहिनी, एकच ठेवायचंय, झी ठेवू का प्रवाह?" झी मराठी आणि स्टार प्रवाह या मालिकांच्या दोन चॅनलबद्दलचा हा प्रश्न मला महिन्यातून वीस-पंचवीस वेळा तरी ऐकू येतो. आमचा कराडजवळ केबलचा धंदा आहे, सासऱ्यांनी गच्चीवर डिश अँटेना लावून सुरू केला होता, आता मिस्टर लाइनवर असतात आणि रिचार्ज, पॅक बदलणं, तक्रारी हे सगळं काउंटरला बसून मी बघते. त्यामुळे कुठलं चॅनल गेलं की पाच मिनिटांत फोन वाजतो आणि कुठलं आठवडाभर बंद असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, हे मला टीआरपीचा, म्हणजे कुठली मालिका किती बघितली जाते त्याचा, तक्ता न बघताही कळतं. तरी तक्ता मी दर गुरुवारी बघते आणि निवड करणाऱ्यांनाही सांगते की तुम्ही पण बघा, फक्त त्यातून काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं ते आधी समजून घ्या.

घाई असेल तर आधीच सांगते. संध्याकाळी सात ते साडेनऊ घरात मालिका लागतात आणि एकाच कंपनीचा पॅक परवडतो, तर प्रवाह. सकाळी कीर्तन, दुपारी मराठी सिनेमा आणि संध्याकाळी एखादीच मालिका असं घर असेल तर झी. सासू-सून दोघींच्या वेगवेगळ्या मालिका असतील तर मात्र खालचं सगळं वाचा, कारण तिथं टीआरपी बघून घेतलेला निर्णय दोन महिन्यांत बदलावा लागतो, मी बघितलंय.

आधी टीआरपीबद्दल थोडं

आपल्याकडे प्रेक्षक मोजायचं काम बार्क ही संस्था करते. २०१५ पासून तिचे आकडे येतात, त्याआधी टॅम या दुसऱ्या संस्थेचे यायचे. चॅनलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, निवडलेल्या घरात एक छोटं मशीन ठेवलेलं असतं, ते ती खूण ओळखतं, आणि घरातल्या प्रत्येक माणसानं टीव्हीसमोर बसताना आपापलं बटण दाबायचं असतं. अशी घरं देशभरात पन्नास हजारांहून जास्त आहेत, आणि टीव्ही असलेली घरं बार्कच्याच २०२०च्या अंदाजाप्रमाणे २१ कोटी. म्हणजे "आमच्याकडे तर सगळे हेच बघतात, मग टीआरपी कमी कसा" असं कुणी म्हणलं तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, तुमची गल्ली वेगळी आणि मशीनची घरं वेगळी.

मराठी मालिकांचे जे आकडे फिरतात ते महाराष्ट्र आणि गोवा या बाजाराचे असतात. त्यामुळे बेळगावात, इंदूरला, बडोद्याला घरोघरी मराठी मालिका लागत असल्या तरी त्या तक्त्यात ते बघणं येत नाही. माझी मावशी बेळगावला असते, तिला हे सांगितल्यावर तिला फार वाईट वाटलं होतं, कारण ती आणि तिच्या शेजारणी इतक्या मनापासून बघतात. मोबाइलवर अ‍ॅपमध्ये बघितलेला एपिसोडही या टीव्हीच्या आकड्यात धरत नाहीत. आणि २०१५च्या आधीचे आकडे आत्ताच्या आकड्यांशेजारी ठेवून "तेव्हा झी कुठं होती आणि आता कुठं" असं कुणी दाखवत असेल तर तिकडं लक्ष देऊ नका, मोजायची पद्धतच वेगळी होती.

अजून एक, "आमच्या घरी मशीन लावा ना" असं म्हणणारे बरेच भेटतात. ही घरं गुप्त ठेवायची असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जी चौकशी सुरू केली तिच्यात हाच आरोप होता की मशीनच्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं. त्यानंतर बातम्यांच्या चॅनलचे आकडे बंद झाले ते थेट मार्च २०२२ला परत सुरू झाले, आणि तेव्हापासून ते चार आठवड्यांची सरासरी काढून द्यायला लागले. मालिकांचे आकडे मात्र त्या काळातही चालूच होते.

मग पॅक निवडणाऱ्यानं टीआरपी बघायचा कशासाठी? तुमची मालिका तुमच्या वेळेला राहणार की नाही हे त्यातून कळतं म्हणून. आकडा घसरला की आधी वेळ बदलते, संध्याकाळची मालिका दुपारी जाते, दुपारची रात्री अकराला, आणि मग एक दिवस घाईघाईनं सगळे एकमेकांना माफ करतात आणि मालिका संपते. आकडा चांगला असला की मालिका राहते पण ताणतात. बघणाऱ्याच्या दृष्टीनं टीआरपीचा एवढाच उपयोग, पण हा उपयोग मोठा आहे.

झी पुढं होती ते प्रवाह पुढं गेलं, ते कसं

झी मराठी १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी म्हणून सुरू झालं, २००५ला नाव बदललं. ईटीव्ही मराठी २०००चं, तेच २०१५ला कलर्स मराठी झालं. स्टार प्रवाह नोव्हेंबर २००८ला आलं, राजा शिवछत्रपती आणि अग्निहोत्र घेऊन, आणि त्या दोन्ही मालिका आजही लोकांच्या तोंडात आहेत, पण चॅनल म्हणून प्रवाह बरीच वर्षं मागंच राहिलं.

२०१३ ते २०१९ हा काळ झीचा. होणार सून मी ह्या घरची, जय मल्हार, माझ्या नवऱ्याची बायको, तुझ्यात जीव रंगला, स्वराज्यरक्षक संभाजी, मध्येच रात्रीस खेळ चाले, आणि सोमवार-मंगळवारी चला हवा येऊ द्या. आमच्या भागात तर लागिरं झालं जी चालू असताना सात म्हणजे सात, साताऱ्याच्या मातीतली फौजीची गोष्ट, प्रत्येक घरातला कोणी ना कोणी सैन्यात, त्यावेळी त्या अर्ध्या तासात लाइट गेली तरी लोक आम्हाला फोन करायचे, जसं काही वीज पण आम्हीच सोडतो. तुझ्यात जीव रंगलाचं शूटिंग कोल्हापूरजवळ वसगड्याला, तिकडं लोक मालिकेतला वाडा बघायला जायचे. त्या मालिकांमध्ये गाव होतं, बोली होती. झीची खरी ताकद तीच होती असं मला आजही वाटतं.

मग लॉकडाऊन आला. मार्च २०२० ला शूटिंग थांबली, नवे एपिसोड जुलैमध्ये परत सुरू झाले, आणि या उलथापालथीत बघणाऱ्यांच्या सवयी मोडल्या. झीच्या मोठ्या मालिका त्याच सुमाराला एकेक करून संपल्या, संभाजी २०२०च्या सुरुवातीला, तुझ्यात जीव रंगला आणि नवऱ्याची बायको २०२१च्या पहिल्या काही महिन्यांत. तिकडं प्रवाहवर डिसेंबर २०१९ला आई कुठे काय करते लागलेली होती, रंग माझा वेगळा होती, मग फुलाला सुगंध मातीचा, सुख म्हणजे नक्की काय असतं, एकामागून एक, सगळ्या घरातल्या गोष्टी, आणि पहिला नंबर प्रवाहकडे गेला. झीनं ऑगस्ट २०२१ला एकदम पाच नव्या मालिका आणल्या, त्यातली माझी तुझी रेशीमगाठ लोकांनी डोक्यावर घेतली, त्यातली छोटी परी सगळ्यांची लाडकी झाली, पण संध्याकाळचे सगळे अर्धे तास एका मालिकेनं भरून निघत नाहीत ना.

आई कुठे काय करतेबद्दल थोडं थांबून सांगते कारण काउंटरवर मी ते समोर बघितलंय. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई आहेत, शिवणकाम करतात, पन्नाशीच्या पुढच्या. त्या पूर्वी कधी स्वतः रिचार्जला यायच्या नाहीत, मुलगा यायचा, त्याला क्रिकेटचं चॅनल हवं असायचं, बाकी काहीही चालायचं. ती मालिका सुरू झाल्यावर वर्षभरानं त्या पहिल्यांदा स्वतः आल्या, पाकिटातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि म्हणल्या "प्रवाह माझं, हे माझे पैसे, त्याला सांगू नका काढायला." बॉक्सचा नंबर त्यांनी वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. घर सांभाळणाऱ्या अरुंधतीची गोष्ट बघून एका बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं एक चॅनल मागितलं. बार्कच्या मशीनला यातलं काहीच दिसत नाही, पण पहिला नंबर अशाच बायकांमुळे येतो.

आणि याच मालिकेचं पुढं काय झालं ते बघा. मार्च २०२४ ला ती साडेसातवरून दुपारी अडीचला नेली, तिच्या जागी घरोघरी मातीच्या चुली आली. त्या सोमवारी संध्याकाळी मला फोनवर फोन, "आमचं प्रवाह चुकीचं लागतंय, दुसरंच काहीतरी दिसतंय." मी प्रत्येकाला सांगत होते की सिग्नल बरोबर आहे, मालिका दुपारी गेलीय. शिवणकामवाल्या बाईंना दुपारी गिऱ्हाईक असतं, त्यांना अडीचला बघणं जमेना, मग रात्री मुलीच्या मोबाइलवर बघायला लागल्या. नोव्हेंबर २०२४ला मालिका संपली. एकेकाळी पहिल्या नंबरवर असलेल्या मालिकेलाही वेळेची शाश्वती नसते, म्हणून एका मालिकेसाठी पॅक घेऊ नका, त्या तासासाठी घ्या.

आता शेजारी शेजारी

*गोष्टी.* प्रवाहच्या बऱ्याच मालिका दुसऱ्या भाषेत चाललेल्या गोष्टींवरून घेतलेल्या आहेत. आई कुठे काय करते बंगालीवरून, सुख म्हणजे नक्की काय असतं पण बंगालीवरून, रंग माझा वेगळा मल्याळमवरून, सहकुटुंब सहपरिवार तमिळवरून. यात कमीपणा काही नाही, गोष्ट एकदा तपासून आलेली असते त्यामुळे पाया घट्ट असतो, आणि इथले लेखक त्यात मराठी घर चांगलं उभं करतात. झी पूर्वी उलटं करायचं, इथली गोष्ट दुसरीकडं जायची, तुझ्यात जीव रंगलाची कन्नड आवृत्ती निघाली होती. आता झीही त्याच वाटेनं निघालंय, लाखात एक आमचा दादा तमिळवरून, लक्ष्मी निवास कन्नडवरून. म्हणजे "झीवर गावाकडची अस्सल गोष्ट आणि प्रवाहवर शहरी सासू-सून" हे जे अजून लोक डोक्यात धरून बसलेत तो फरक आता खूप कमी झालाय. गावाचा वास तुम्हाला झीवर अजून थोडा जास्त येईल, पण फक्त तेवढ्यासाठी पॅक बदलावा एवढा नाही.

*वेळ टिकणं.* इथं प्रवाह सरळ पुढं आहे. ठरलं तर मग डिसेंबर २०२२ला साडेआठला लागली आणि २०२३पासून बहुतेक आठवडे तीच पहिली, तिचा आकडा बरेचदा सहाच्या घरात असायचा आणि मराठीत सध्याच्या काळात ते फार मोठं आहे. एक मालिका अशी घट्ट रोवलेली असली की तिच्या आधीच्या आणि नंतरच्या मालिकेला आपोआप प्रेक्षक मिळतात, रिमोट कुणी उचलत नाही. झीवर गेल्या काही वर्षांत वेळा जास्त हलल्या, आमच्याकडं "ती कितीला लागते आता" हा प्रश्न झीच्या मालिकांबद्दल जास्त येतो.

*ताणणं.* यात प्रवाहला मार्क कमी. ठरलं तर मगमध्ये सायलीच घरातली हरवलेली खरी तन्वी आहे हे बघणाऱ्यांना ठाऊक आणि घरातल्यांना मात्र वर्षानुवर्षं कळायचं नाव नव्हतं, माझ्या सासूबाई रोज टीव्हीशी बोलायच्या, "अगं सांग की आता." मालिका चालतीय म्हणून गोष्ट पुढं सरकत नाही, हे पहिल्या नंबरचं दुखणं आहे आणि ते नवीन नाही, ईटीव्हीवर चार दिवस सासूचे तीन हजारांच्या वर भाग चालली होती. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी झीकडं बघा, तिथल्या मालिका तुलनेनं लवकर आवरतात. कमी चालते म्हणून आवरतात हे खरं, पण बघणाऱ्याला गोष्ट पूर्ण मिळते.

*लक्ष्मी निवासबद्दल वेगळं.* डिसेंबर २०२४ला झीनं ही एक तासाची मालिका आठला आणली, हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी, निवृत्तीला आलेलं जोडपं, स्वतःचं घर बांधायचं स्वप्न, एवढी मुलं, त्यांची लग्नं. आठ ते नऊ एकदा बसलं की प्रवाहचे आठ आणि साडेआठ दोन्ही जातात, झीनं केलेला हा विचार मला हुशारीचा वाटला. ज्या घरात वयस्कर जोडपं आहे तिथं ही मालिका मनापासून बघितली जाते. एक आजोबा मला म्हणले होते की पीएफचे पैसे कसे कुठे गेले हे त्या मालिकेत दाखवलं तसंच त्यांच्या घरात झालं. असं कुणी सांगितलं की मला आकड्यापेक्षा ते जास्त पटतं.

*कलाकार.* काही लोक चॅनल बघत नाहीत, माणूस बघतात. तेजश्री प्रधानचंच घ्या. २०१३ला झीवर होणार सून, मग अग्गंबाई सासूबाई झीवरच, सप्टेंबर २०२३ला प्रवाहवर प्रेमाची गोष्ट, जानेवारी २०२५ला ती सोडली आणि ऑगस्ट २०२५ला परत झीवर वीण दोघांतली ही तुटेना, सुबोध भावेंबरोबर. आमच्याकडं तीन-चार घरं अशी आहेत की ज्यांनी तिच्यामागं पॅक बदलला. तुमचं घर असं असेल तर एका कंपनीशी लग्न लावून घेऊ नका, सुटं चॅनल घ्या, बदलायला सोपं पडतं.

*उरलेला दिवस.* लोक हे विसरतात आणि मग पस्तावतात. चॅनल म्हणजे फक्त संध्याकाळ नाही. झीच्या मराठी पॅकमध्ये साधारणपणे झी टॉकीज आणि झी युवा येतात, आणि झी टॉकीजवर सकाळी कीर्तन असतं. वारकरी घरात, जिथं म्हातारी माणसं पहाटे उठतात, तिथं झीचा पॅक काढला की संध्याकाळी कुणी बोलत नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला माझा फोन वाजतो. आमच्या इथल्या एका माळकरी आजींनी सुनेला सांगितलं होतं की "तुमच्या मालिका काढा, कीर्तन राहू द्या." प्रवाहकडे २०२२पासून प्रवाह पिक्चर आहे, नवीन सिनेमे चांगले लागतात, पण कीर्तनाची जागा ते घेत नाही.

कलर्स, सोनी, सन आणि सह्याद्री

कलर्स मराठीवर बाळूमामाच्या नावानं चांगभलं २०१८ला सुरू झाली आणि आमच्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगली-सातारा, ती मालिका म्हणजे नुसती मालिका नव्हती, आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारी माणसं ती बघताना चपला बाहेर काढून बसायची, हे मी स्वतः एका घरात बॉक्स बदलायला गेले होते तेव्हा बघितलंय. बाकी कलर्सचं मोठं आकर्षण बिग बॉस मराठी, २०१८पासून. २०२४च्या सीझनला रितेश देशमुख आले आणि मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला, तेव्हा कॉलेजच्या पोरांनी घरच्यांना कलर्स घ्यायला लावलं. माझा सल्ला, बिग बॉस असेल त्या दोन-तीन महिन्यांपुरतंच कलर्स जोडा, नंतर काढा, वर्षभर पैसे घालवायची गरज नाही.

आणि एक मोठा बदल बऱ्याच लोकांना माहीत नाही, नोव्हेंबर २०२४पासून स्टार आणि कलर्स एकाच कंपनीचे झालेत. जिओहॉटस्टार हे अ‍ॅप त्यातूनच फेब्रुवारी २०२५ला निघालं. म्हणजे प्रवाह आणि कलर्स आता एकमेकांशी पूर्वीसारखे भांडत नाहीत. दोन्ही हवे असतील तर दोन्ही एकत्र येणारा पॅक आहे का ते तुमच्या केबलवाल्याला आधी विचारा, दोन वेगळे घेऊन बसू नका.

सोनी मराठी ऑगस्ट २०१८चं. टीआरपीच्या तक्त्यात मालिकांच्या रांगेत खाली दिसेल, पण महाराष्ट्राची हास्यजत्रा एकटी ते चॅनल धरून आहे. ज्या घरात पुरुष माणसं संध्याकाळी मालिकांना वैतागून बाहेर ओट्यावर बसतात, त्या घरात हास्यजत्रा लागली की सगळे एकत्र बसतात. हे मी खात्रीनं सांगते. आठवड्यातले काही दिवस एवढंच बघायचं असेल तर सुटं सोनी मराठी घ्या, पूर्ण पॅक नको. सन मराठी २०२१ला आलं, बघणारे आहेत पण अजून कुणी त्याच्यासाठी भांडायला आलेलं नाही.

सह्याद्रीला वेगळे पैसे पडत नाहीत, ते येतंच. सातच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम यासाठी शेतकरी घरात अजून लागतं, आणि ज्यांना दर महिन्याला पैसे भरणंच जमत नाही त्यांना मी स्वतः सांगते की दूरदर्शनची फ्री डिश लावून घ्या, त्यावर झी, प्रवाह, कलर्स मिळणार नाहीत पण महिन्याचा खर्च शून्य. आमचं गिऱ्हाईक जातं, जाऊ दे, बॉक्स बंद ठेवून भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा ते बरं.

पैशाचं

१ फेब्रुवारी २०१९पासून ट्रायच्या, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे कुठलंही चॅनल सुटं घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, आणि प्रत्येकाची किंमत जाहीर असते. पॅकमध्ये टाकायचं असेल तर त्या चॅनलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यावर केबलचं स्वतःचं नेटवर्क भाडं वेगळं, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. इथं बरेच जण फसतात, चॅनलची बेरीज करतात, भाडं आणि जीएसटी धरत नाहीत आणि बिल बघून केबलवाल्याशी वाद घालतात.

माझा साधा हिशोब असा आहे. एका कंपनीचं एकच चॅनल हवं असेल तर सुटं. त्याच कंपनीची दोन-तीन हवी असतील तर पॅक बहुतेक वेळा स्वस्त पडतो, कारण पॅकला सूट असते. झी मराठी सुटं आणि प्रवाह सुटं अशी दोनच घेणारी घरं आमच्याकडं वाढलीत आणि सासू-सुनेच्या घरात मला तोच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. आमच्याच घरी तेच आहे. सासूबाई आठला लक्ष्मी निवास लावतात, साडेआठची त्यांची ठरलं तर मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी रिपीटला लावून देते, भाजी निवडत बघतात. जाहिराती लागल्या की त्यांचा अंगठा बरोबर मागच्या चॅनलच्या बटणावर जातो, ते बटण एवढं झिजलंय की त्यावरचं चिन्ह पुसून गेलंय, रिमोटला प्लास्टिकची पिशवी बांधली तरी. अर्ध्या तासाच्या मालिकेत गोष्ट वीस-बावीस मिनिटांचीच असते, बाकीच्या वेळात त्या दुसरी मालिका कुठवर आली ते बघून येतात.

ज्यांच्या घरी चांगलं इंटरनेट आहे आणि मोबाइलवर बघायची सवय आहे त्यांनी एक चॅनल टीव्हीवर आणि दुसरं अ‍ॅपवर असं वाटून घ्यावं. झी मराठी झी फाइव्हवर, प्रवाह आणि कलर्स जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. पण घरात ऐंशीच्या आजी असतील तर हे सांगू नका त्यांना, त्यांना चॅनलचा नंबर पाठ असतो, तोच त्यांचा आधार असतो.

आणि तक्ता बघताना शेवटचं एक. एखाद्या आठवड्यात आकडा एकदम उडालेला दिसला तर त्या आठवड्यात लग्न होतं का, महासंगम, म्हणजे दोन मालिकांचा एकत्र भाग, होता का, एक तासाचा महाएपिसोड होता का ते बघा. तो आकडा पुढच्या गुरुवारी खाली येतो. निदान चार-पाच आठवडे सलग बघा, घसरण सलग दिसली तर तुमच्या मालिकेची वेळ बदलणार असं धरून चाला आणि त्या महिन्यात लांबचा, सहा महिन्यांचा पॅक भरू नका.

पॅक बदलायचा असेल तर रिचार्ज संपायच्या दोन दिवस आधी सांगा. बॉक्सच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर फोटो काढून पाठवा, आणि जुनं चॅनल काढायचंय की नवीन फक्त जोडायचंय हे स्पष्ट शब्दांत सांगा. नवीन चॅनल यायला वेळ लागला तर बॉक्स मागच्या स्विचवरून बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं दिसायला लागतं.